पहिली टोपली समुद्राला

एकदा एका मिठागराच्या मालकाने ठरवले, की यंदा समुद्राला मीठ द्यायचे नाही.

त्या खाडीवर जुनी रीत होती. हंगामाचे पहिले मीठ पडले, की त्यातली एक टोपली देवाचे नाव घेऊन समुद्रात सोडायची, मग बाकीचे मीठ उचलायचे. शेठ मनाने वाईट नव्हता, पण भारी व्यवहारी. "समुद्राला काय मिठाची वानवा आहे?" तो विचारी. "बांध माझे, वाफे माझे, माणसे माझी. मग माझे मीठ पाण्यात का घालू?" प्रश्न तसा बिनतोडच होता!

वीस वर्षे त्याचे आगर सांभाळणारा गोमा मात्र अडून बसला. "शेट, त्यो देवाचा मान हाय. तो चुकवलात, तं मी दुसरं आगर बघतो."

गोमा गेला असता, तर त्याच्यामागे सगळी माणसे गेली असती. शेठच्या तोंडचे पाणी पळाले. तो तडक टेकडीवरच्या मठीत आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला आणि त्यांना घेऊनच आला.

मीठ पडायला अजून आठ-दहा दिवस होते. गुरुजींनी समुद्राच्या पाण्याने भरलेला एक वाफा निवडला. "यावर झावळ्यांचा मांडव घाला. चारी बाजूही गच्च झाका."

हे काहीतरी मोठे अनुष्ठान असणार, असे शेठला वाटले. त्याने स्वतः झावळ्या बांधल्या आणि रोज सकाळी त्या मांडवाला लांबूनच नमस्कार केला.

दहाव्या दिवशी सगळे आगर पांढरेशुभ्र झाले. मांडव उघडला, तर आत पाणी जसेच्या तसे, आणि त्यात दोन खेकडे मजेत फिरत होते.

"महाराज, हे काय? ऊन नाही, वारा नाही, मग मीठ पडणार कसे?"

गुरुजी गालात हसले. "अरे, या वाफ्यात तुझे सगळे होते. बांध तुझा, माणसे तुझी. मी फक्त देवाचे ऊन-वारा बाहेर ठेवले. तरी पाणी त्याचेच राहिले, अन् गोमाच्या दंडातले बळही त्याचेच. आता तुझे मीठ कुठले, ते दाखव पाहू."

शेठ ओशाळला. "पण त्याला मीठ कशाला हवे, महाराज?"

"त्याला काहीच नको. हे मिळालेले आहे, एवढे आपल्या हातांना कळावे, म्हणून ती टोपली. कष्ट कर, मीठ विक, सुखाने खा. फक्त देणारा विसरू नकोस."

शेठने धोतर खोचले आणि पहिली टोपली स्वतःच डोक्यावर घेतली. "शेट, जपून! पायाखाली गाळ हाय," गोमा ओरडला. गुडघाभर पाण्यात जाऊन शेठने टोपली रिती केली आणि हात जोडले. मागे वळून त्याने उन्हात चमकणारे आगर पाहिले, आणि त्याचे डोळे भरून आले.

"गोमा, केवढं दिलंय रे त्यानं!"

"मंग? दर सालीच देतो की," गोमा म्हणाला, आणि फावडे घेऊन वाफ्यात उतरला.