आक्का बघत न्हाई

लई जुनी गोष्ट हाय. तवा घाटात रस्ता न्हवता, अन् माझ्या आज्ज्याला मिशी बी फुटली न्हवती. खिंडवाडीच्या पिंपळाखाली बायजाक्काची चूल व्हती. मिठाचं बैल घाट चढायच्या आधी तिथं थांबायचं अन् बैलवालं झुणका-भाकर खायाचं. त्या झुणक्याचा वास घाटमाथ्यावर गेला की वरची माणसं न जेवताच ढेकर द्यायची, असं म्हणत्यात.

एकदा एक म्हातारा बैलवाला जेवाय बसला. अर्धी भाकर खाल्ली, कनवटीला हात लावून बघितलं, अन् उरलेली अर्धी तशीच ठेवली. "पोट भरलं," म्हणला. पोट पाठीला चिकटलेलं, अन् म्हणं भरलं! आक्काचा जीव गलबलला. दुसऱ्या दिवशी तिनं चुलीमागं छातीएवढा रांजण ठेवला. कुणाचं जेवण उरकलं की ती तोंड फिरवून चूल फुंकाय लागायची अन् म्हणायची, "टाक बाबा मनाला येईल ते. आक्का बघत न्हाई."

कुणी जोंधळं टाकायचं, कुणी मूठभर मीठ, कुणी ढब्बू पैसा. ज्याच्याजवळ काय न्हाई तो रांजणाला हात लावून जायचा. आक्का त्यातनंच रोजच्यापुरतं काढायची, तरी रांजण तळाला जायचा न्हाई.

बाळोजी पाटलाच्या डोळ्यात ते सलाय लागलं. त्याला त्या जागी मेव्हण्याचं दुकान थाटायचं व्हतं. भर चावडीत म्हणला, "आक्के, माणूस म्हंजे मांजराची जात. पाठ फिरली की दूध चाटणार. जत्रेला तुझा रांजण गळ्यापत्तूर भरलेला दिसला तर जागा तुझी. न्हाई तर चूल विझवायची अन् चालू पडायचं."

आक्काला दुसरं घर न्हवतं. चूल म्हंजेच घर. तरी म्हणली, "बरं बाबा."

पाटलानं मेव्हण्याच्या, शिदूच्या, कानात सांगितलं, "रोज जा, पोटभर खा, अन् रांजणात धोंडा टाक. धप्प वाजलं की म्हातारीला वाटंल, दाणं पडलं."

शिदूनं हुकूम पाळला. सकाळी धोंडा, दुपारी धोंडा. गाल असं फुगलं की डोळं हाईत का न्हाईत ते चाचपून बघाय लागायचं. आक्का फुंकणीतनं खुदकन हसायची, पर मान काय वळवली न्हाई.

जत्रा आली. बघत्यात तर काय, रांजण गळ्यापत्तूर भरलेला! पाटलाचं तोंड एरंडेल प्याल्यावानी झालं. "उपडा करा!" म्हणला. रांजण कलला. जोंधळं आलं, मीठ आलं, मिरच्या आल्या, अन् मागनं धडाधड धोंडं!

"धोंडं धरायचं न्हाईत!" पाटील नाचाय लागला.

"नगा धरू," आक्का म्हणली. "पर ज्यानं टाकलं त्यानं फुडं येऊन उचलून न्यावं."

कोण हलतंय! शिदूनं हळूच एक पाऊल मागं घेतलं, अन् त्याच्या पोटात धोंडं आदळल्यावानी वाजलं, खडाडखुडूक! दुसरं पाऊल, परत खडाडखुडूक! तो आवाज ऐकून बैलांनी दावी तोडली, असं म्हणत्यात. शिदू रडाय लागला. "दाजी, तुमीच टाकाय लावलं, आता तुमीच उचला!"

जत्रा हसून हसून लोळली.

आक्कानं शिदूला जवळ बसवला, भाकर वाढली. "रडू नगंस. मनाला येईल ते टाक म्हणले व्हते. तुझ्या मनात धोंडा आला, तू धोंडा टाकलास. कायबी न टाकता गेला न्हाईस. मला पोचलं रं."

"घेणारी म्हणतीया पोचलं," गाव ओरडलं, "मग न्हाई म्हणणारं आपण कोण? धोंडं धरा!"

पाटलानं पागोटं सावरलं अन् जागेचा नाद सोडला. शिदूच्या पोटातला आवाज पहिल्या घासालाच थांबला. त्याच धोंड्यांचा त्यानं पिंपळाला पार बांधला.

पार अजून हाय. खिंडवाडीच्या बाजारात पहिली भवानी अजून तशीच हुतीया. बांगडीवाली असू दे न्हाई तर मोबाईलचं कव्हर विकणारा, पहिल्या गिऱ्हाइकाला पाठ करून म्हणतो, "आक्का बघत न्हाई." गिऱ्हाईक टाकंल ते खरं.

फसवत न्हाईत का? फसवत्यात की! पर बाजार उठल्यावर पारावर कुणी एकटाच बसून ऱ्हायलेला दिसला, तर त्याला इचारू नगा पाय दुखत्यात का म्हणून. पाऊल टाकलं की पोटात खडाडखुडूक वाजंल, ह्याचं भ्या वाटतंय त्याला. जरा वेळानं गुमान उठतो, माघारी जाऊन काय टाकायचं ते टाकतो, अन् मगच घरची वाट धरतो.