दोरा कुणाच्या हातानं तुटला?

इचलकरंजीच्या दादासाहेब मगदुमांना आपल्या भरतकामाच्या मशीनचा भारी गर्व. मशीनला सुया चालवणारी डोकी बारा, पण कारखान्यात डोकं एकट्या आपल्यालाच, असं त्यांना वाटे.

खंडेनवमीला त्यांनी मशीनची यथासांग पूजा केली. दसरा झाला, काम सुरू झालं आणि सातव्या डोक्याचा पांढरा दोरा तुटायला लागला. सुई बदलली, रीळ बदललं, तरी शंभर टाके झाले की दोरा टचकन तुटायचाच.

दादासाहेब सगळ्यांसमोर गरजले, "शेवंता, दोष तुझ्या हाताचा! आजपासून इथं एकच नियम. ज्याच्या हातानं दोरा तुटतो, त्यानं मशीनला हात लावायचा नाही!"

पंधरा वर्षं मशीन चालवणारी शेवंता जागची हलली नाही. तिनं दोऱ्याची तुटकी टोकं तळहातावर घेतली. प्रत्येक टोक जरासं लालसर होतं. पांढऱ्या दोऱ्याला लाली आली कुठून? तिनं वरच्या, दोरा ताणून धरणाऱ्या चकत्या उघडल्या, चिमट्यानं आतून काहीतरी ओढलं आणि दादासाहेबांपुढे धरलं. कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा होता तो.

"पूजेच्या अक्षता तुम्हीच उधळल्यात, दादासाहेब. आम्ही लांब हात जोडून उभ्या होतो," शेवंता म्हणाली. "आता नियमाप्रमाणं मशीनला हात कुणी लावायचा नाही, ते तुम्हीच सांगा."

दादासाहेब मशीनपासून दोन पावलं मागे सरले. मशीन सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत एकदाही दोरा तुटला नाही.

पुढच्या खंडेनवमीला मशीनची पूजा शेवंतानं केली. दादासाहेब लांब हात जोडून उभे होते.