पाणमांजरांना शिव्या देण्याची सकाळ

आडवणे गावात कोंडजाई देवीच्या देवळामागे नदीचा खोल डोह आहे. वैशाखात एका सकाळी अख्खा गाव त्याच्या काठी उभा राहून पाणमांजरांना शिव्या घालतो. पाहुण्यांना वाटते, गावात मारामारी जुंपली. ही रीत रवळू गुरवापासूनची, असे सांगतात.

गावाचे प्रत्येक गाऱ्हाणे रवळूलाच देवीपुढे मांडावे लागे. मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उन्हाळ्यात गाव डोहातल्या माशांवर जगे आणि पाणमांजरे जाळी फाडून मासे पळवीत.

"ह्यांना घालव म्हणावं," गावचा प्रमुख, गावकार बाबल म्हणाला.

डावी कळी पडली.

"परत लाव. तुझा हात थरथरतोय."

पुन्हा डावी. बाबल हटेना. शेवटी उजवी पडली, तेव्हा रवळूला वाटले, देवीही कंटाळली.

त्या पावसाळ्यात पाणमांजरे निघून गेली म्हणे. वर्षभर गावाने ताव मारला. पण डोह होता तेवढाच, आत खाणेही तेवढेच. खाणारी माशांची तोंडे मात्र वाढत गेली. मासे बोटाएवढेच राहू लागले. पुढे एका उन्हाळ्यात पाणी आटले, दाटीत रोग पसरला आणि डोह पांढऱ्या पोटांनी भरला. घरोघरी नुसती पेज.

बाबल पुन्हा हजर. "रवळू, पाणमांजरं परत माग. पण थोडीच हां. आणि जाळी न फाडणारी."

रवळूने कळ्या लावल्या. संध्याकाळपर्यंत एकही पडली नाही. मागून बाबलचे "नीट लाव" चालूच. रवळूने कळ्यांचे तबक उचलून डोहात भिरकावले.

"मेल्यांनो, देवीनं दिलेलं तुम्हीच परत केलंत! यापुढं गाऱ्हाणं पाणमांजरांकडंच घाला. ती येईपर्यंत मी मासा खाणार नाही."

कोकणातल्या माणसाला याहून खडतर तप नाही. पुढे बाबल वारला, उरलेले मासे हळूहळू वाढले. रवळू पेज आणि लोणच्यावर म्हातारा झाला. बायको माशांचे कालवण रांधी तेव्हा तो अंगणात जाऊन बसे.

मग वैशाखातल्या एका सकाळी त्याचे स्वतःचे जाळे मधोमध फाटलेले निघाले. खडकावर अर्धवट खाल्लेला मासा होता. रवळूने डोहाकडे तोंड करून घसा बसेपर्यंत शिव्या घातल्या आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला, "कालवण कर."

आजही पहिली शिवी गुरवाच्या घरची असते. देऊळ हाकेवर आहे, पण या भांडणात देवीला कोणी ओढत नाही.