तळहातावरची फेरी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. भैरवमाळाच्या शर्यतीच्या ट्रॅकमागे पत्र्याचं एक गॅरेज. दार उघडं. बाहेर धुकं.

"मग कितवं भोक, वस्ताद? पहिलंच ना?"

इंद्रजित शितोळेने हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर वस्ताद स्टोव्हवरच्या चहाकडे बघत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी शर्यतीच्या गाड्या बांधल्या होत्या. इंद्रजितच्या हातात पहिल्यांदा स्टिअरिंग दिलं तेही त्यांनीच.

गाडीच्या मागे पंख असतो. त्याच्या पट्टीला पाच भोकं. बोल्ट पहिल्या भोकात घातला, तर पंख जवळजवळ आडवा राहतो आणि गाडी सरळ रस्त्यावर बाणासारखी सुटते. खालच्या भोकांत घालावा तसा पंख उभा होत जातो. वारा गाडीला जमिनीवर दाबून धरतो, वळणात चाकं सुटत नाहीत, पण वेग मरतो. भैरवमाळ म्हणजे जुनी धावपट्टी. सव्वा किलोमीटर सरळ, आणि शेवटी पिंपळाचं वळण. आठ वाजता गाड्यांना सील लागणार होतं. त्यानंतर बोल्टला हात लावायचा नाही.

संघाच्या मालकांना पहिलं भोक हवं होतं. आज हरलास तर पुढच्या हंगामात तुझ्या जागी दुसरा, असं त्यांनी हसत हसत सांगितलं होतं. असली वाक्यं हसतच सांगतात.

"पिंपळापाशी काय करतोस?" वस्तादांनी विचारलं.

"काही नाही. ॲक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबलेला. उचलतच नाही."

"कधीच?"

"वस्ताद, अख्ख्या माळाला ठाऊक आहे."

"माळाला काय, बरंच ठाऊक असतं."

त्यांनी चहा उतरवला. जमिनीवर मांडी घातली. समोर जुन्या गाडीची एक सीट पडली होती.

"बस. उजवा बूट काढ. पाय इथे ठेव."

त्यांनी तळहात पुढे केला.

इंद्रजित दचकला. "तुमच्या हातावर पाय? आई घरात घेणार नाही मला."

"आईला मी सांगतो. ठेव. डोळे मीट. पहिलं भोक. एक फेरी मार."

...

पत्रा विरघळला. स्टोव्हची घरघर लांब गेली आणि इंजिनाची होऊन परत आली. रस्त्यावरचे पांढरे पट्टे पाण्यातून वाहत यावेत तसे येत होते. गाडीला वजनच नव्हतं. दोन्ही बाजूंचं गवत आडवं होऊन धावत होतं. कुठेतरी एका म्हशीच्या गळ्यातली घंटा फार सावकाश वाजत होती. पिंपळ आधी बोटाएवढा, मग आभाळाएवढा. पान न् पान दिसलं. मग तोही मागे गेला, आणि पुढे नुसतं धुकं.

इंद्रजितने डोळे उघडले. "बघा. उचलला?"

"उचललास."

"शक्यच नाही."

"पिंपळापाशी माझा हात हलका झाला."

"पाय माझा आहे, वस्ताद. मला कळणार नाही?"

"हात माझा होता."

...

"आता चौथं भोक. परत मार."

या वेळी गाडी जडावली होती. सरळ रस्ता संपता संपेना. पण पिंपळापाशी वारा पाठीवर बसला, थोरल्या माणसाने हात ठेवावा तसा. पानं दिसली नाहीत. फक्त सावली अंगावरून गेली.

डोळे उघडले तेव्हा वस्ताद हात झटकत होते.

"हात मोडशील लेका! या वेळी पाय उठलाच नाही."

इंद्रजितचे कान लाल झाले. "म्हणजे मी भितो."

"पाय शहाणा आहे. तोंड तेवढं नाही."

"म्हणजे भित्र्याला चौथं आणि धाडसी माणसाला पहिलं. असंच ना?"

"उलटं. भिणारा पहिल्यावर वाचतो. ज्याचा पाय उठतच नाही, त्याला चौथं लागतं."

...

"असा पाय आहे कुणाचा?"

वस्तादांनी तळहात धोतराला पुसला. "सुहास बर्गेचा होता. गेल्या हंगामात इथेच बसला होता. पहिल्या भोकावरही उठला नाही."

सुहास त्याच्याच संघाची गाडी चालवायचा. पिंपळाच्या वळणावर गेला. चौकशीचा अहवाल अर्ध्या पानाचा. चालकाची चूक. अर्ध्या पानात माणूस संपवला आणि खाली तीन सह्या ठोकल्या.

"तुम्ही त्याला चौथं सांगितलंत?"

"सांगितलं. त्यानेही माझ्यादेखत संघाला कळवलं."

वॉकीटॉकी खरखरली. संघाचे व्यवस्थापक. "इंद्रजित, बोल्ट घालतोय. पहिलं. मालकांचा निरोप आहे."

इंद्रजितने तळपायाकडे बघितलं.

"चौथं घाला. त्यावर माझा पाय उठत नाही."

"अरे, पण मालक..."

"चौथं. आणि कुणी सांगितलं तेही लिहून ठेवा."

"भोक कुणी लिहून ठेवतं का रे? तशी वहीच नाही आपल्याकडे."

...

"मी येतोय. मी येईपर्यंत कुणी बोल्टला हात लावायचा नाही."

"आणि मालकांना काय सांगू?"

"दुसरा शोधा म्हणावं."

त्याने वॉकीटॉकी बंद केली. बूट घालता घालता त्याचे हात थांबले. दारातलं धुकं आता पांढरं झालं होतं, ट्रॅक कुठे आणि आभाळ कुठे ते कळत नव्हतं.

"वस्ताद... सुहासच्या गाडीत बोल्ट कितव्या भोकात होता?"

वस्तादांनी स्टोव्ह विझवला.

"दुपारी गाडी कुंपणातून ओढून काढली, तेव्हा पट्टी पंखाला होती. दोरीपलीकडून बघितली मी, पहिल्या भोकातल्या बोल्टासकट. संध्याकाळी चौकशीवाले आले, तेव्हा पट्टीच नव्हती."