कुणी न धरलेला पाय

खूप जुनी गोष्ट आहे, लहानथोरांनो. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगायला आज कुणी उरलेलं नाही. त्या गावात हुतूतू खेळणारा एक गडी होता. दम धरून तो पलीकडे शिरला, की दोघाचौघांना हात लावून मधल्या रेघेवर परत आलाच म्हणून समजा.

एकदा सरावात त्याच्या जिवलग मित्रानं त्याचा डावा पाय पकडला. गडी तसाच रेटत निघाला आणि कमरेखाली काडकन आवाज झाला. गावात वैद्यकी करणाऱ्या म्हातारीनं खुबा उघडून हाडाची कपची काढली, सांधा बसवला. गडी कित्येक महिने खाटेवर पडून होता.

उठल्यावर त्यानं विचारलं, "आजी, जत्रेत खेळू ना?"

"सांधा जुळलाय, जोर यायचाय," म्हातारी म्हणाली. "मैदानात हिसडा बसला, तर जन्माचा पांगळा होशील. आधी आपल्याच गड्यांच्या पकडीतून सुटून दाखव."

गडी सरावाला उतरला. रोज सुटू लागला. कुणालाच तो आवरेना, तशी त्याची छाती फुगली. जत्रा तोंडावर आली तेव्हा म्हातारी स्वतः मैदानाच्या कडेला येऊन बसली.

खेळ बघून ती म्हणाली, "अरे, तू खेळत नाहीस, हे तुला खेळवतायत. तुझ्या डाव्या पायाला कुणी हात तरी लावलाय का?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. गडी मित्रापुढे जाऊन उभा राहिला. "धर माझा पाय."

"नको रे," मित्रानं हात मागे घेतले. "याच हातांनी मोडलाय मी तो."

"तू नाही धरलास, तर जत्रेत परका धरेल. त्याला कुठली माझी दया?"

मित्रानं पाय धरला. गड्यानं जीव खाऊन ओढ घेतली, पण मांडी थरथरली आणि रेघेच्या अलीकडेच तो खाली बसला. तिथेच, सगळ्यांदेखत, ढसाढसा रडला.

त्या जत्रेत तो खेळला नाही. गाव हरलं. बोलणारे बोललेच. पण त्या दिवसापासून मित्र रोज तोच पाय धरू लागला, आधी सैल, मग जरा घट्ट, मग आणखी घट्ट.

पुढल्या जत्रेत पलीकडच्यांनी नेमका डावा पाय हेरला आणि तिघं मिळून त्याला बिलगले. दम तुटत आला. खुबा ठणकला, पण जागचा हलला नाही. तिघांना फरफटत नेऊन गड्यानं रेघेला बोट टेकवलं. गाव नाचू लागलं. मित्र मात्र आपल्याच हातांकडे बघत बसला होता. गडी लंगडत त्याच्याकडे आला आणि ते दोन्ही हात त्यानं आपल्या कपाळाला लावले.

म्हणून सांगतो, दुखरी जागा टाळणारी माया माणसाला पांगळं करते, आणि तीच जागा बेताबेतानं धरणारी माया त्याला उभं करते.