मुंगसं नाचली नाहीत

माणसांनी मैदानं आखायच्या कितीतरी आधी, करवंदीच्या माळावर मुंगसं आणि ससे पाच-पाच दिवसांचे कसोटी सामने खेळत. जिंकणाऱ्यांनी यष्ट्यांभोवती फेर धरून नाचायचं, ही माळाची रीत.

त्या वर्षी पाचही सामने मुंगसांनी जिंकले. निकाल रानभर सांगायचं काम डोमकावळ्याकडे होतं. सामना बघत बसायला त्याला वेळ कुठला! शेवटच्या दिवशी संध्याकाळी यायचं, कोण जिंकलं ते विचारायचं आणि उडायचं. एक गोष्ट मात्र त्यानं पाचही वेळा टिपली. मुंगसं नाचत नव्हती, गवतात नुसती लोळत पडलेली असायची.

"माज बघा!" तो पंचायतीत म्हणाला. "इतकं सोपं गेलं, की नाचावंसंही वाटलं नाही. पाच-शून्य! पुढच्या वर्षी सशांना बोलावूच नका."

पंचायतीला पटलं. मुंगसांचा होकार आणायला कावळाच निघाला.

मुंगसांची कर्णधार पिंगी अजून आडवीच होती. पाय सुजलेला, शेपटीला पाला बांधलेला. पलीकडे ससे पुन्हा सरावाला लागले होते.

"ससे नकोत म्हणता?" ती कण्हत कुशीवर वळली. "चालेल की, डोमकाका! म्हणजे जिंकल्यावर नाचायला एकदा तरी आमच्या पायांत त्राण उरेल."

कावळ्यानं तो होकार पंचायतीत नेलाच नाही. पुढच्या वर्षी सशांचा पहिला चेंडू पडायच्या आत तो बाभळीवर येऊन बसला होता.