दारच्या मातीचा ताईत

हां, जपून! त्या खळग्यात पाय नका घालू. पायरीच्या उजव्या हाताला, अंगठा बुडेल एवढा तो खळगा दिसतोय ना, तो उंदरानं केलेला नाही की गवंड्यानं विसरलेला नाही. आमच्या तिवरगोठणात बावन्न घरं आहेत, आणि बावन्नही घरांच्या दारात असा एकेक खळगा आहे. आता बंगले झाले, अंगणात गुळगुळीत फरशा आल्या, पण पायरीशेजारची एक फरशी कुणी बसवत नाही. मागे एक कंत्राटदार हट्टाला पेटला होता, इथं पाणी मुरेल, भिंत खचेल म्हणून. घरच्या बाईनं त्याला सांगितलं, "खचली तर परत बांधू. तू तुझं सिमेंट आवर." या, इथं बावखलाच्या काठावर सावलीत बसा. बावखल म्हणजे आमचं गोड्या पाण्याचं तळं. सगळं रामायण या पाण्यावरूनच झालं, असं सांगतात.

गोष्ट फार जुनी. फिरंग्यांची गलबतं या किनाऱ्याला लागून दोन-तीन पिढ्या उलटल्या होत्या, गाव ख्रिस्ती झालं होतं. त्या काळी इथं इनासीन नावाची बाई राहायची. केळीची बाग, थोडा पानमळा. जिभेनं तिखट, पण कामाला वाघीण. आणि तिच्या घरात एक वस्तू होती, जी पंचक्रोशीत कुणाकडे नव्हती. ताईत! बोटाच्या पेराएवढा काशाचा क्रूस, आतून पोकळ. वालाच्या शेंगेसारखे त्याचे दोन भाग एकमेकांवर बसवलेले आणि कडेनं मेण भरलेलं. म्हणे फिरंग्यांच्याही कितीतरी आधी एक गलबत फुटून कुणी पश्चिमेकडचा यात्रेकरू इथं वाहत आला. इनासीनच्या सासरच्या पूर्वजांनी त्याला महिनाभर पेज पाजून उभा केला. जाताना त्यानं गळ्यातला हा क्रूस काढून दिला. आत कुणा संताच्या कबरीवरची माती होती, ती जपा, एवढंच खुणांनी सांगितलं आणि गेला बिचारा.

गावाचा एक पक्का समज होता. ताईत उघडायचा नाही. उघडला की त्यातली कृपा कापरासारखी उडून जाते. इनासीनची सासू कैतानबाय, तिनंही मरताना सुनेच्या गळ्यात तो घालताना हेच बजावलं होतं. इनासीनची चार मुलं पाळण्यातच गेली. पाचवी लुझीन. तिच्या गळ्यात जन्मल्या दिवसापासून ताईत होता, आणि ती जगली. मग त्या आईनं त्यावर किती जीव लावला असेल, तुम्हीच सांगा.

आता भांडण ऐका, कारण भांडणाशिवाय आमच्या गावाची कुठलीच गोष्ट पुढे सरकत नाही. शेजारी पास्कू आणि त्याची बायको रेमेदीन. बावखलावर रहाट एक, बागा अनेक, म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात पास्कूनं इनासीनच्या पाळीचा पाट आपल्या बागेत वळवला. हिच्या चाळीस केळी माना टाकून बसल्या. इनासीन काय गप्प बसतेय! रविवारी चर्चच्या दारात, सगळ्या गावादेखत ती कडाडली, "तुझ्या घरचं पाणी मेले तरी पिणार नाही. आणि माझ्या दारात तुमच्यापैकी कुणी पाऊल टाकाल तर याद राखा." तीन वर्षं दोन्ही घरांनी ते इमानेइतबारे पाळलं.

चौथ्या वर्षी ऐन वैशाखात लुझीन तापानं पडली. सहा वर्षांची पोर, सात दिवस अंगाची भट्टी. पाण्याचा घोटसुद्धा घशाखाली उतरेना. नवरा मचव्यातून केळी घेऊन गेलेला, तो अजून परतला नव्हता. इनासीन एकटी पोरीच्या उशाशी बसून होती, एक हात कपाळावरच्या ओल्या पट्टीवर आणि एक हात त्या ताइतावर. भर दुपारी बाहेर कुणीतरी खाकरलं. पाहते तर कुंपणाशी पास्कू. आत यायची हिंमत नव्हती, बाहेरूनच हात जोडून उभा.

"इनासीनबाय," तो म्हणाला, "कालपासून रेमेदीन अडली आहे. बाळ पायाळू आहे. मोनू सुईण म्हणते, ताईत मिळाला तर बघ, तिला धीर तरी येईल. मला हवं तर जोड्यानं मार, पण ताईत दे."

इकडे आड, तिकडे विहीर. पोरीच्या गळ्यातून ताईत काढायचा, म्हणजे पोटचा गोळा वाऱ्यावर सोडायचा. न द्यावा, तर बाळंतिणीला नाही म्हटल्याचं पाप. आणि खरं सांगायचं तर तिला वाटलं, बरी खोड मोडली यांची! तसं वाटल्याबरोबर तिला स्वतःचीच भीती वाटली. पोर मरणाच्या दारात असताना आपल्या मनात हे यावं? मग तिनं जे कुणी कधी केलं नव्हतं ते करायचं ठरवलं. दोन भाग आहेत ना, तर अर्धा ठेवू, अर्धा देऊ. पोरीच्या गळ्यातून ताईत सोडून पायरीवर आणला, पास्कूकडे पाठ केली, कोयत्याच्या टोकानं मेण खरवडलं आणि ताईत उघडला.

आत काहीच नव्हतं.

तिनं तो तळहातावर आपटला, उजेडात धरून पाहिला. मातीचा कणसुद्धा नाही. आपण उघडला म्हणून कृपा उडाली, आता दोन्ही घरं बुडाली! पण मागे तो माणूस हात जोडून उभा होता. रिकामा अर्धा कसा द्यायचा? ती पायरीपाशी वाकली, अंगठ्यानं उकरून चिमूटभर माती घेतली, खोबणीत दाबली, वरून मेण थापलं आणि दोरा ओवून पास्कूच्या हातात दिला. तो धावत सुटला. दुसरा अर्धा तिनं तसाच, रिकामाच, लुझीनच्या गळ्यात बांधला.

पण मन कुठे बसू देतंय? ती बाई माझ्या भरवशावर जीव मुठीत धरून आहे, आणि मी तिला अंगणातली धूळ पाठवली! इनासीन उंबरठ्यापर्यंत जाई, पोरीकडे पाहून मागे फिरे. तेवढ्यात पास्कू परत दिसला. सुईणीनं त्याला घराबाहेर काढलं होतं. तो बावखलाच्या काठावर बसून हुंदके देत होता.

"ए पास्कू! रडून काय होणार? इकडे ये," तिनं हाक मारली. "हिच्या कपाळावरची पट्टी वाळू द्यायची नाही. चमच्यानं पाणी पाजत राहा. मी येते जाऊन."

तीन वर्षांत प्रथमच पास्कूनं त्या दारात पाऊल टाकलं, आणि तिनं त्याच्या.

सुईण मोनूबाय म्हातारी होती, एकटी घामाघूम झाली होती. "बरी आलीस," ती म्हणाली, "मला दोन हात कमी पडत होते." इनासीन रेमेदीनच्या पाठीमागे बसली, तिला बगलेत हात घालून सावरून धरलं. रेमेदीनच्या एका मुठीत तो अर्धा ताईत होता. इनासीनच्या तोंडाशी खरं आलं होतं, पण अशा वेळी सांगायचं कसं? गिळलं तिनं. तास गेले. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा वाजता वाजता बाळ आलं. मुलगी! आधी निळी पडलेली, मग मोनूबायनं पाठीवर थोपटल्यावर असं टाहो फोडून रडली की तिघी बायाही रडायला लागल्या.

"तुझ्या ताइतानं तारलं गं," रेमेदीन म्हणाली.

मग मात्र इनासीनला राहवलं नाही. "कसला ताईत! आत काही नव्हतं. माझ्या दारची माती घातली मी. फसवलं तुला."

मोनूबाय हात धूत होती, ती खुदकन हसली. "रिकामा असणारच. तुझ्या सासूनंच तो रिकामा केला. पटकीच्या वर्षी कैतानबाय घरोघर फिरून कणकण माती देत होती. शेवटचा कण कुणाला गेला ठाऊक आहे? तुला. माहेरी सहा महिन्यांची होतीस, डोळे फिरवले होतेस. नंतर लोकांचा धीर सुटू नये म्हणून ती कुणाला बोलली नाही. मी सोबत होते म्हणून मला माहीत."

"मग माणसं वाचली कशानं?"

"ते देवाला विचार. मला एवढंच ठाऊक, कैतानबाय माती देऊन लगेच परत फिरत नसे. तिथंच बसायची, पाणी पाजायची."

ज्या सासूशी इनासीनचं कधी पटलं नाही, तिनं आपला जीव वाचवला होता आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं. मग ती रेमेदीनला म्हणाली, "बाई, मला जरा प्यायला पाणी दे." रेमेदीननं पडल्या पडल्या हंड्याकडे बोट केलं. "घे. आणि जाताना माझ्या दारची चिमूटभर माती ने. लुझीनचा अर्धा रिकामा आहे ना?"

इनासीन घरी आली तेव्हा पास्कू जागचा हलला नव्हता. उशाशी पाण्याचं थारोळं झालं होतं, पण पट्टी ओली होती. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत," ती म्हणाली, तर हा पठ्ठ्या पट्टी पिळत पिळतच ओक्साबोक्शी रडला. तिनं रेमेदीनच्या दारची माती अर्ध्या ताइतात भरली आणि पोरीच्या गळ्यात बांधली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि लुझीननं डोळे उघडून पेज मागितली, वर सुका बोंबीलही. इनासीननं म्हणे तिथल्या तिथं गुडघे टेकले. "देवा, तुझे उपकार फिटायचे नाहीत," ती म्हणाली, "पण आधी पास्कूचे आभार मानू दे. पट्टी त्यानं बदलली."

त्या ताइताचे दोन अर्धे आजही गावातल्या दोन घरांत आहेत. पाहायला मागू नका, दाखवत नाहीत. आजही तिवरगोठणात मूल जन्मलं की बाप्तिस्म्याआधी आई त्याच्या ताइतासाठी माती मागायला निघते. तीही कुणाकडे, तर ज्या घराशी आपलं बोलणं बंद आहे, त्या घराकडे. तिनं दारात उभं राहून "एक चिमूट द्या" एवढंच म्हणायचं. समोरच्या बाईनं आपल्या अंगठ्यानं उकरून द्यायची, नाही म्हणायचं नाही. सुरुवातीला म्हणे पाद्रीबाबा कुरकुरले होते, पुढे तेच मातीला आशीर्वाद द्यायला लागले.

परवाच्या जानेवारीत आमच्या धाकट्या सुनेला मुलगा झाला. बांधावरून अकरा वर्षं आमचं ज्यांच्याशी कोर्टात चाललंय, त्यांच्या दारात ती ओली बाळंतीण जाऊन उभी राहिली. त्या घरची म्हातारी बाहेर आली, कमरेत वाकता येत नाही तरी वाकली, माती काढून हिच्या हातावर ठेवली. ही वळली, तर मागून म्हातारीनं विचारलं, "बाळ दूध नीट ओढतं ना गं?"

तेव्हापासून रोज सकाळी ती म्हातारी आमच्याकडे येते. बाळाला न्हाऊ तीच घालते.